वॉरंटीला दोन महिने उरलेत: ग्राफिक्स कार्ड पुण्याला पाठवू की मिरजेत उघडून घेऊ?

चौकट (विश्रामबाग, सांगली) – ११ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे. पण सगळं एकदाच लिहिते, म्हणजे नंतर खोदून विचारायला नको.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, आणि नेमकं आत्ताच हे झालंय. मशीन: रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं. कार्ड १९ जानेवारी २०२३ ला इथल्याच दुकानातून बत्तीस हजारांना घेतलं. पक्कं बिल आहे. वॉरंटी तीन वर्षं, म्हणजे १८ जानेवारीला संपणार.

गेल्या आठवड्यात रेंडर लावून जेवायला गेले. येऊन बघते तर नवरीच्या शालूवर गुलाबी-हिरवे चौकोन. आधी वाटलं फुटेजच गेलं, पोटात गोळा आला. फुटेज लॅपटॉपवर लावून बघितलं, एकदम स्वच्छ. परत रेंडर लावलं तर दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी आणि पंखे मिक्सरसारखे ओरडायला लागले. रीस्टार्ट केलं की डेस्कटॉप नीट येतो. जोर पडला की परत तेच.

दुकानदार म्हणतो, "आणून द्या, पुण्याला पाठवतो, महिना धरून चाला." मिरजेत एक जण लॅपटॉप-मोबाइल दुरुस्त करतात, ते फोनवरच म्हणाले, "रीबॉल मारतो, साडेतीन हजार, दोन दिवसांत घेऊन जा, चालू झालं तरच पैसे द्या." आणि तिसरा माझा भाऊ. डिप्लोमा मेकॅनिकल, घरात हॉट एअर गन आहे, त्याचे हात शिवशिवतायत.

तीन लग्नांचं काम अडकलंय. महिना काढणं परवडत नाही आणि बत्तीस हजारही वर आलेले नाहीत. काय करू?

---

भडंग – १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ओव्हनमध्ये २०० वर दहा मिनिटं. वरून शेंगदाणे आणि कढीपत्ता.

---

फ्लक्स (सातारा) – १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

वरचा प्रतिसाद कुणी खरा मानू नका. दर महिन्याला एक तरी भाजलेलं कार्ड माझ्या टेबलावर येतं.

ताई, वॉरंटी की दुरुस्ती ते नंतर. आधी कार्डच खराब आहे हे नक्की करा. लक्षणं कार्डाची वाटतात, पण अशक्त पॉवर सप्लायही जोर पडल्यावर मशीन झोपवतो. त्यात चौकोन सहसा दिसत नाहीत, म्हणून माझा संशय मेमरीवर आहे. तरी एवढं करून बघा:

ड्रायव्हर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरनं मुळापासून काढून नवा टाका. कार्डाला जाणारी आठ पिनांची केबल बदला. कार्ड दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ओसीसीटी नावाचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात व्हीरॅमची, म्हणजे कार्डावरच्या मेमरीची, वेगळी चाचणी आहे, ती अर्धा तास चालवा आणि चुका किती येतात ते सांगा. ती चालू असताना कोअरचं (कार्डाच्या मुख्य चिपेचं) तापमान आणि हॉटस्पॉट (तिच्यातला सगळ्यात तापलेला बिंदू) दोन्ही बघा. दोघांत दहा-पंधरा अंशांचा फरक असतोच. तीसच्या पुढे गेला तर चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलीय किंवा कूलर नीट बसलेला नाही. मेमरीचं तापमान ३०६० वर दिसत नाही, ते शोधत बसू नका.

आणि एक स्पष्टच विचारतो. कार्ड आजवर कुणी उघडलंय का?

---

घाटमाथा – १२ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

वाड्यात राहत असाल तर अर्थिंग बघा. आमच्या गावभागातल्या जुन्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. वायरमननं न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर चाळीस व्होल्ट. आमचं आधीचं कार्ड त्यातच गेलं असणार, पण सिद्ध कसं करणार?

---

चौकट – १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

घाटमाथा, आमचा फ्लॅट नवा आहे, अर्थिंग आहे, यूपीएसही आहे.

फ्लक्सदादा, सगळं केलं. मैत्रिणीच्या मशीनमध्ये कार्ड लावलं, तिथंही चौकोन. तिचं कार्ड माझ्यात लावलं, रेंडर सुखरूप झालं. ओसीसीटीत व्हीरॅम चाचणीला चौथ्या मिनिटापासून चुका सुरू, वीस मिनिटांत आकडा हजारांत. कोअर ७१, हॉटस्पॉट ८३.

आता ते उघडण्याचं. हो. उघडलंय. मे महिन्यात कार्ड ८५ च्या घरात जात होतं, तेव्हा भावानं पेस्ट बदलली. मागच्या एका स्क्रूवर इवलंसं स्टिकर होतं, ते फाटलं. हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. दुकानदारालाही सांगितलेलं नाही.

---

भडंग – १२ नोव्हेंबर, रात्री ११:०२

आली बघा खरी भानगड बाहेर.

---

कृष्णाकाठचं वांगं – १३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

स्टिकर फाटलं म्हणजे वॉरंटी गेली, इषय संपला. आता घाबरायचं कशाला ताई, भावाला करू दे की. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाला पाणी पन्नास फुटांच्या वर गेलंतं तवा आमच्या दुकानात छातीएवढं पाणी. चार दिवसांनी उघडलं तर सीपीयू, प्रिंटर, टीव्ही सगळं गाळात. कंपन्यांनी हात वर केले, पुरात भिजलेलं वॉरंटीत बसत नाही म्हणून. मग आम्ही काय केलं? आधी साध्या पाण्यानं गाळ काढला, मग आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासलं, दोन-तीन दिवस उन्हात वाळवलं. अकरा मशिनींपैकी सात चालू झाल्या, एक अजून बिलिंगला हाय. हातानं करायला शिका, कुणाच्या दारात उभं राहायला लागत नाही.

---

फ्लक्स – १३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

वांगेसाहेब, तुमच्या सात मशिनींना सलाम. पण तिथं घाण काढायची होती, घटक बहुतेक जिवंत होते. इथं घाण नाही, एक चिप चुकतेय. दोन्ही कामं वेगळी आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण "रीबॉल" हा शब्द आपल्याकडे कावीळ उतरवण्याच्या मंत्रासारखा वापरला जातो.

३०६० वर कोअरच्या भोवती मेमरीच्या सहा चिपा असतात, प्रत्येकी दोन जीबीची. सहा दुणे बारा. प्रत्येक चिपेच्या पोटाखाली कथिलाचे १८० बारीक गोळे असतात आणि त्यांच्यावर ती बोर्डाला चिकटलेली असते. चौकोन दिसणं आणि व्हीरॅम चाचणीत चुका येणं याचा अर्थ बहुधा तीनपैकी एक: एखादी चिप आतून खराब झालीय, तिच्या खालचा एखादा गोळा तडकलाय, किंवा कोअरमधला मेमरी सांभाळणारा भाग गेलाय. पहिल्याला चिप बदलावी लागते. दुसऱ्याला ती चिप काढून नव्या गोळ्यांवर बसवावी लागते, यालाच रीबॉल म्हणतात. तिसऱ्याला रामराम.

म्हणून मिरजेच्या माणसानं कार्ड न बघता फोनवर "रीबॉल मारतो" म्हटलं, तिथंच मी थबकलो. कशाला मारणार? कोअरला? कोअरनं काही बिघडवलंय हे त्याला कुणी सांगितलं? त्याला तीन गोष्टी विचारा. खालून बोर्ड तापवणारा प्रीहीटर आहे का. सहापैकी कुठली चिप चुकतेय हे दाखवणारी चाचणी चालवता येते का. बदलायची वेळ आली तर त्याच कंपनीची चिप आहे का. सॅमसंगच्या जागी मायक्रॉनची बसवली तर बायोस आणि बोर्डावरचे छोटे रेझिस्टर जुळवावे लागतात, नाहीतर कार्ड उठतच नाही. तिन्हींना नीट उत्तर मिळालं तर माणूस जाणता आहे, साडेतीन हजारही वाजवी आहेत.

आता घरच्या हॉट एअर गनचं. शिशाविना कथिल २१७ अंशांच्या आसपास वितळतं. ग्राफिक्स कार्डाचा बोर्ड जाड, आत तांब्याचे थरावर थर, वरून दिलेली उष्णता तो पिऊन टाकतो. खालून तापवायची सोय नसेल तर माणूस वरून गनचं तापमान वाढवत नेतो, मग चिप भाजते, शेजारचे कॅपॅसिटर उडतात, बोर्ड वाकतो आणि खालचे गोळे तसेच राहतात. ओव्हनचं गणितही हेच. २०० वर कथिल वितळतच नाही. तरी काही कार्डं भाजल्यावर चालू होतात, कारण चिपेच्या आतले त्याहून बारीक जोड गरमीनं थोडे सरकून पुन्हा टेकतात. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा सुटतात. हे आतल्या जोडांचं दुखणं जुनं आहे. २००८ च्या जुलैत एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या अशाच चिपांच्या वॉरंटी खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. ओव्हनची ख्याती त्याच काळातली आहे.

घरी काय करावं? पेस्ट, थर्मल पॅड, पंखा, धूळ. एवढं खुशाल करा. पॅड मात्र जुन्याच जाडीचे घ्या. एक मिलिमीटरच्या जागी दीडचे लावले की कूलर कोअरवरून किंचित उचलला जातो आणि हॉटस्पॉट शंभरी गाठतो.

तुमच्या भावानं मे महिन्यात पॅड बदलले होते का?

---

चौकट – १३ नोव्हेंबर, दुपारी १:१०

नाही, जुनेच परत ठेवले. एक फाटला होता तो जोडून ठेवला म्हणतो.

---

फ्लक्स – १३ नोव्हेंबर, दुपारी १:२५

हं.

---

भाऊच_तो – १३ नोव्हेंबर, दुपारी २:००

मी तो भाऊ. खास खातं उघडून लिहितोय. फाटलेला पॅड मेमरीवरचा नव्हता, व्हीआरएमवरचा, म्हणजे कोअरला वीज पुरवणाऱ्या भागावरचा होता. आणि ८५ चं ७० मी आणलं, ते कुणी लिहीत नाही. मीटर लावून बघितला तर कोअरच्या लाइनवर जवळपास शून्य ओहम दाखवतोय. शॉर्ट आहे, मॉस्फेट (तिथला वीज चालू-बंद करणारा घटक) गेलाय. बदलतो मी.

---

फ्लक्स – १३ नोव्हेंबर, दुपारी २:१५

थांबा, थांबा, गन खाली ठेवा!

कोअरच्या लाइनवर चांगल्या कार्डातही ओहमच्या आसपासच आकडा येतो, मोठ्या चिपेचं ते नैसर्गिक आहे. तो शॉर्ट नव्हे. शॉर्ट बघायचा आठ पिनांच्या १२ व्होल्टच्या पिनेवर. तिथं शून्य आलं तर मॉस्फेट. आणि तिथं शून्य असतं तर तुमचं मशीन चालूच झालं नसतं, पॉवर सप्लायनं स्वतःला बंद करून घेतलं असतं. तुमचा तर डेस्कटॉप येतोय.

---

भाऊच_तो – १३ नोव्हेंबर, दुपारी २:३१

१२ वर किलोओहममध्ये येतंय. बरं. ठेवली खाली.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा) – १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

वॉरंटीचा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी माझं १६६० सुपर गेलं. पोवई नाक्याजवळच्या दुकानात दिलं, त्यांनी त्यांच्या पुरवठादाराला, त्यानं पुण्याला, पुण्यानं आणखी कुठं. चौतीस दिवस लागले. दर चार दिवसांनी फोन केला की "साहेब, ट्रान्झिटमध्ये आहे." म्हणजे कुठं, खंबाटकी घाटात अडकलंय का? शेवटी मी स्वतः सर्व्हिस सेंटरच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकला, तर कार्ड दहा दिवस दुकानातच पडून होतं! चांगली दहा-बारा कार्डं जमली की एकदम पाठवायचं, अशी त्यांची पद्धत.

त्यामुळे ताई, शक्य असेल तर दुकानदाराला मधून काढा. थेट सर्व्हिस सेंटरला तक्रारीचं तिकीट काढून स्वतः पाठवा किंवा नेऊन द्या. सांगलीहून पुणे गाडीनं चार-साडेचार तास. एक दिवस जाईल, पण दहा वाचतील.

बदल्यात आलं ते दुरुस्त केलेलं दुसरंच कार्ड, सिरियल नंबर वेगळा. त्याला नव्यानं तीन वर्षं मिळत नाहीत, जुन्याचीच उरलेली मुदत. चालतंय अजून.

---

सहावी_ओळ – १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

थेट पाठवण्याला +१. पण बिलावर सिरियल नंबर आहे का ते आधी बघा. आमच्या दुकानदारानं फक्त "ग्राफिक्स कार्ड १ नग" लिहिलं होतं. तेवढ्यावर तीन आठवडे घालवले.

---

वकील_नाही_पण – १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

स्टिकरवर दोन शब्द. अमेरिकेत "स्टिकर फाटलं की वॉरंटी बाद" असं लिहिणाऱ्या कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये समज देणारी पत्रं पाठवली. लोक इथं तेच दाखले देतात. तो कायदा तिकडचा आहे, पुण्याच्या काउंटरवर त्याचं नाव काढून उपयोग नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, २० जुलै २०२० पासून लागू. तुमच्या कामाचं त्यात एवढंच: तक्रार तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. एक मेख आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर समोरचा "हे ग्राहकच नाहीत" म्हणू शकतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापरलेल्या वस्तूला कायद्यातच सूट आहे. तुम्ही एकट्या घरून काम करता, त्यात बसायला हरकत नसावी.

पण ग्राहक आयोग ही शेवटची पायरी. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि बऱ्याच कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला पटकन उत्तर देतात.

त्याच्याही आधी सर्व्हिस सेंटरला मेल करा आणि खरं लिहा: मे महिन्यात कूलर काढून पेस्ट बदलली, बोर्डाला इजा नाही, घेणार का? लपवून पाठवलं आणि त्यांना फाटलेलं स्टिकर दिसलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. लेखी "हो" हातात असलं की पुढं बोलायला जागा राहते.

---

कृष्णाकाठचं वांगं – १३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

खरं लिहायचं आणि त्यांनी नाही म्हटलं की बसा बोंबलत. माझ्या मेव्हण्यानं स्टिकरच्या जागी दुसरं स्टिकर लावून पाठवलंतं, घेतलं की गुपचूप.

---

वकील_नाही_पण – १३ नोव्हेंबर, रात्री ९:५८

मेव्हण्याचं गाव सांगू नका.

---

सतारमेकर_गल्ली (मिरज) – १४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मला ग्राफिक्स कार्डातलं ओ की ठो कळत नाही. नातू हे पान वाचत होता, त्यानं वाचून दाखवलं. आमच्या घरात तीन पिढ्या तंतुवाद्यं दुरुस्त करतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला तर तो सांधता येतो, आतून कापड-सरस देऊन. एका दिवसाचं काम. पण गिऱ्हाईक घरीच फेविकॉल भरून आणतं. मग तो फेविकॉल खरवडून काढण्यातच दोन दिवस जातात आणि भोपळा पातळ होतो तो वेगळाच. त्याहून वाईट जवारीचं. आवाज बोदा झाला की काही हौशी मंडळी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, स्वतः कानशीनं घासतात. घासली ती घासली, हाड परत वाढत नाही.

ताईंच्या भावाला माझं एवढंच सांगणं, तार बदलायची असेल तर जरूर बदल. घोडीला हात लावू नको. तुमच्या कार्डात घोडी कुठली आणि तार कुठली ते फ्लक्स सांगतील.

---

फ्लक्स – १४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

काका, नमस्कार. पंखा आणि पेस्ट म्हणजे तार. मेमरीची चिप म्हणजे घोडी. यापुढे गिऱ्हाइकाला मी असंच सांगणार.

---

भडंग – १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काकांना दंडवत. ओव्हनचा प्रतिसाद मागे घेतो.

---

चौकट – १४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

काल रात्रीच खरं ते लिहून मेल केला. आज दुपारी उत्तर आलं: कूलर काढला असला तरी बोर्डावर इजा किंवा डागडुजीच्या खुणा नसतील तर तपासून निर्णय घेऊ, सिरियल नंबरचं स्टिकर वाचता यायला हवं. म्हणजे धड हो नाही, नाही पण नाही. पण लेखी आहे.

मिरजेच्या दादांनाही फ्लक्सचे तीन प्रश्न विचारले. पहिल्याला "आहे" म्हणाले, दुसऱ्याला "आपला अनुभव आहे ना", तिसऱ्याला "तुम्ही आणा तर खरं". नाही नेलं.

उद्या भाऊ पुण्याला घेऊन जाणार आहे. त्यानं प्रायश्चित्त म्हणून स्वतःच सांगितलं. पण मोठी अडचण वेगळीच, ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं की मॉनिटरच काळा. महिनाभर करू काय?

---

घाटमाथा – १५ नोव्हेंबर, सकाळी ७:००

माझ्याकडे जीटी ७१० पडून आहे, घेऊन जा. एडिटिंगला निरुपयोगी, मॉनिटर तेवढा पेटेल.

---

अजिंक्यताऱ्याखाली – १५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

माझं तेच १६६० सुपर देतो. मी दिवाळीनंतर गेम बंद केलेत, मुलाची दहावी आहे. सहा जीबीच आहे, चार-केचं फुटेज थेट ओढणार नाही. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून एडिट करा आणि शेवटचं रेंडर रात्री लावून झोपा. साताऱ्याच्या स्टँडवरून एसटीच्या पार्सलनं पाठवू का? की तुमचा भाऊ पुण्याहून येताना घेईल? हायवेला येऊन थांबतो.

---

चौकट – १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

काय बोलू. घेईल तो. कंदी पेढ्यांचे पैसे मात्र तुम्ही द्यायचे नाहीत.

---

फ्लक्स – १५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

निघण्याआधी कार्डाचा व्हिडिओ काढा. सलग, न थांबवता: सिरियल नंबर, चारही कोपरे, सोन्याच्या पट्ट्या, मागची बाजू, मग अँटिस्टॅटिक पिशवी, मग खोकं. त्या दिवसाचा पेपर शेजारी ठेवा. दुकानदारानं सिरियलवर स्वतःचं स्टिकर डकवलं असेल तर ते ओढू नका, हेअर ड्रायरनं कोमट करून हळू सोडवा.

---

चौकट – १ डिसेंबर, रात्री ८:४०

अपडेट. आज मेल आला: "पीसीबीला भौतिक इजा, वॉरंटी नाकारली." पीसीबी म्हणजे कार्डाचा बोर्ड. सोबत फोटो. स्लॉटमध्ये जाणाऱ्या पट्टीजवळच्या कोपऱ्यावर टवका उडालाय. माझ्या व्हिडिओत तोच कोपरा स्वच्छ दिसतोय.

भावाला आधी ओरडले. मग तोच म्हणाला, काउंटरवर त्यांनी पावती दिली त्यावर "बाह्य स्थिती: ठीक" असं लिहिलंय. खरंच लिहिलंय.

---

वकील_नाही_पण – १ डिसेंबर, रात्री ९:०५

उत्तम. पावतीचा फोटो आणि व्हिडिओमधली ती फ्रेम एकाच मेलमध्ये जोडा. भाषा थंड ठेवा. "ताब्यात घेताना स्थिती ठीक असल्याची आपली पावती सोबत आहे, त्यानंतरच्या इजेची जबाबदारी आपली" एवढंच. त्याच दिवशी १९१५ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक मेलमध्ये टाका.

---

कृष्णाकाठचं वांगं – १ डिसेंबर, रात्री ९:३०

मी आधीच सांगितलंतं. पण व्हिडिओची आयडिया भारी, ते मान्य.

---

चौकट – ५ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

नकार मागे घेतला. "अंतर्गत तपासणीनंतर बदलून देण्यास मान्यता." टवका कुठून आला यावर एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही.

---

चौकट – २ जानेवारी २०२६, रात्री १२:२०

कार्ड ३० तारखेला आलं. एकूण पंचेचाळीस दिवस. सिरियल वेगळा, मॉडेल तेच, स्क्रूच्या खाचा थोड्या घासलेल्या, म्हणजे दुरुस्त केलेलं. ओसीसीटी व्हीरॅम रात्रभर चालवलं, चुका शून्य. हॉटस्पॉट ७९. अडकलेली तिन्ही लग्नं १६६० वरच संपवली, एका वधूपित्यानं उशिराबद्दल दोन हजार कापले. १६६० उद्या साताऱ्याला रवाना, सोबत भडंग. खायचं.

आता नवीन. दोनपैकी एक पंखा साठ टक्क्यांच्या वर गेला की घरघरतो. वॉरंटी संपायला सोळा दिवस. परत पाठवू की भावाला पंखा बदलू देऊ? तो स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे उभाच आहे.

---

फ्लक्स – २ जानेवारी, सकाळी ८:१०

आज आवाजाचं रेकॉर्डिंग करून त्यांना मेल करा, म्हणजे मुदतीच्या आत तक्रार नोंदली गेली. कार्ड पाठवू नका, पुन्हा दीड महिना जाईल. पंखा नवीन घेताना जुन्याच्या मागच्या लेबलवरचा नंबर आणि पिना मोजून घ्या, नुसता व्यास जुळून भागत नाही. सहा-सातशेत मिळेल. आणि भावाला सांगा, १८ तारखेपर्यंत स्क्रूड्रायव्हर कपाटात.

---

भाऊच_तो – २ जानेवारी, सकाळी ८:१४

ठेवला. १९ ला सुट्टी काढलीय.

---

चौकट – २ जानेवारी, सकाळी ९:३०

मेल केला, तिकीट नंबर आला. मी आता कवठेमहांकाळला निघालेय, हळद शूट करायची आहे. पंख्याच्या लेबलचा फोटो रात्री टाकते.